बारावा खिळा

तबेल्याच्या दारावर अकरा नाल टांगलेले होते. अकरा मोठ्या शर्यती, आणि सगळ्या याच फार्मवर जन्मलेल्या घोड्यांनी मारलेल्या. बारावा खिळा थोरल्या मालकांनी मरण्याआधी स्वतःच्या हाताने ठोकून ठेवला होता. बाजारात तुरी, तसलाच प्रकार. पण मालकांना सांगणार कोण?

आता तो खिळा हट्टीची वाट बघत होता. हट्टी हा सलग सात शर्यती जिंकलेला घोडा. त्याची देखभाल करणारा म्हातारा मोतद्दार पुढे चालल्याशिवाय शर्यतीला नेणाऱ्या गाडीत पाऊल टाकत नसे, म्हणून हे नाव.

मोतद्दाराचा जीव मात्र सकाळपासून टांगणीला लागला होता. पहाटे हट्टीच्या पायांवरून हात फिरवताना उजव्या पुढच्या पायाची मागची शीर त्याला गरम लागली. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्याने चारही पायांना ओल्या मातीचा लेप थापला. घोड्यांचा डॉक्टर दुपारी यायचा होता, तो सकाळीच उगवला. लेप धुतला तर पाय थंडगार. घोडा ठणठणीत म्हणून सही करून तो गेलासुद्धा. मोतद्दार शेजारीच मूग गिळून उभा होता. या तबेल्यात मोतद्दाराने हात चालवायचा, तोंड नाही, हा थोरल्या मालकांचा नियम. तो त्याच्या हाडीमाशी खिळला होता.

चार वाजता मालकांची मुलगी आली. आता फार्म तीच बघायची.

"चला काका, गाडी आलीय. उद्या बारावा नाल!"

"ताई, ह्याला उद्या पळवू नका. पाय तापलाय."

"अहो, डॉक्टर बघून गेले की!"

"डॉक्टरांनी माझा लेप तपासला, पाय नाही."

"मग तेव्हा काय दातखीळ बसली होती?" ताई भडकली.

"बसली होती. ह्याच्या आईच्या वेळीही बसली होती."

हट्टीची आई भर शर्यतीत पाय मोडून पडली होती. तिला तिथेच गोळी घालावी लागली. खड्ड्यात पाय गेला, असं बाबांनी घरी सांगितलं होतं.

"खड्डा नव्हता, ताई. आदल्या दिवशी तिचाही पाय असाच तापला होता. मी मालकांना दाखवला. त्यांनी हात लावून बघितला."

"मग?"

"गार आहे, म्हणाले. मी पुढे बोललो नाही."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ताई हट्टीच्या पायाशी बसली. डोळे मिटायचे आणि पालथा हात लावायचा, हे लहानपणी काकांनीच तिला शिकवलं होतं. तिने आधी डावा पाय चाचपला, मग उजवा. हात तिथेच ठेवून ती रडायला लागली. वडिलांचीच लेक ती, काय म्हणेल याचा नेम नव्हता.

"गरम आहे, काका," ती म्हणाली. "गाडीवाल्याला जा म्हणावं."