खोटं गिऱ्हाईक

काटेसाहेबांनी शर्टाची उरलेली बटणं काढली, टेबलावर आडवे झाले आणि चेहरा जमेल तितका केविलवाणा केला. नर्सने छातीवर गार जेल लावून तारा चिकटवल्या, तेव्हा त्यांना हसू आवरेना. त्यांच्या छातीला काडीचंही दुखणं नव्हतं. रोज सकाळी टेकडीला वळसा घालून येणारा माणूस तो. दुखणं बायकोचं होतं, आणि ती घरी होती.

"काय काय होतं?" डॉक्टरांनी मशीनकडे बघतच विचारलं.

"जिना चढलो की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं," काटेसाहेबांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "थांबलो की जातं. ओले कपडे दोरीवर टाकायला हात वर केला, तरी होतं. डावा हात जड पडतो."

"ईसीजीची पट्टी ठीक दिसतेय, पण लक्षणं चांगली नाहीत. अँजिओग्राफी करून घेऊ. बाहेर काउंटरवर तारीख घ्या."

सापडला, काटेसाहेब मनात म्हणाले आणि टेबलावरून टुणकन उठले.

त्यांचं आडनाव काटे नव्हतं. सारी नोकरी वजनमापं खात्यात तराजूचे काटे तपासण्यात गेली, म्हणून बाजाराने दिलेलं ते नाव. त्यांची पद्धत ठरलेली होती. झिजलेल्या चपला घालायच्या, हातात कापडी पिशवी घ्यायची आणि गरीब चेहऱ्याचं खोटं गिऱ्हाईक होऊन माल विकत घ्यायचा. बाहेर जीपमधल्या खऱ्या काट्यावर तो पुन्हा जोखायचा. कमी भरला की दुकानदार चोर. नोकरी संपली तरी खोड गेली नाही. घरी आलेलं दूध ते अजून मापून घेत, आणि न्हावी कात्री चालवतो की नुसती हवेत वाजवतो, यावर त्यांचं आरशातून लक्ष असे.

अशा माणसाच्या बायकोला मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने पहिल्याच भेटीत गोळ्यांची पिशवी भरून दिली, अँजिओग्राफी सांगितली आणि "लागलाच तर तिथल्या तिथे स्टेंट टाकून देऊ" म्हणून मोकळा झाला. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, "कुठलं पॅकेज घेताय?" झालं! काटेसाहेबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती चुकचुकतच राहिली. त्यांनी बायकोला हात धरून घरी आणलं आणि झिजलेल्या चपला माळ्यावरून खाली काढल्या.

बेत सोपा होता. तक्रार तिची, छाती आपली. ठणठणीत माणसालाही जो आत ढकलेल, तो चोर.

त्या संध्याकाळी दोघं भाजी घेऊन परतली. काटेसाहेब नेहमीसारखे किल्ल्या वाजवत पुढे चढत होते. जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी, बायको नेहमीसारखी थांबली. तिथे कुणीतरी ठेवलेली एक कुंडी होती, आणि अलीकडे तिला त्या कुंडीचं भारी वेड लागलं होतं.

"अहो, कळी आलीय बघा," ती खालून म्हणाली.

"बघितली," काटेसाहेब वरून म्हणाले आणि कुलूप उघडलं. ती वर आली तेव्हा त्यांनी विजयाने जाहीर केलं, "दुसराही तसलाच निघाला. आपण फसणार नाही. तू काळजी करू नकोस."

"बरं," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. भाजीची पिशवी बराच वेळ तिच्या मांडीवरच राहिली.

तिसरी डॉक्टर एक बाई होती. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांचा दवाखाना, आणि पाटी एवढीशी. काटेसाहेबांना त्या पाटीचाही संशय आला. पाटी लहान म्हणजे पेशंट येत नसणार, आणि पेशंट येत नसले म्हणजे आलेल्याला ही सोडणार नाही.

बाईंनी नाडी बघितली, दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर घेतलं, पाठीला स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकला. काटेसाहेबांनी आपलं पाठांतर म्हटलं. दगड, दोरी, डावा हात.

"दोरी किती उंच आहे?" बाईंनी विचारलं.

"अं?"

"कपडे वाळत घालता ती. हात किती वर करावा लागतो?"

"गॅलरीत आहे," काटेसाहेब म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "उंच असेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणाला होतंय हे?"

काटेसाहेबांचा चेहरा असा खुलला की बाईच गोंधळल्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं. खातं, चपला, कापडी पिशवी, आधीचे दोन डॉक्टर आणि आपला सापळा. "तुम्ही एकट्या पास झालात," ते म्हणाले. "बाकी चोर नुसते!"

बाई हसल्या नाहीत. "बाजारात जायचात तेव्हा दुकानदाराला नोट खोटी द्यायचात का हो?"

"छे, छे! नोट खरी. माप त्याचं तपासायचं ना."

"इथे मात्र खोटी नोट दिलीत. काका, पेशंट जे सांगतो त्यावरच तर आम्ही निम्मं जोखतो. तुमच्या वयाच्या माणसाने हे सांगितलं, तर पट्टी कितीही चांगली असो, मीसुद्धा पुढची तपासणी सांगितली असती. दोरीचं विचारलं नसतं, तर सांगणारच होते."

"म्हणजे ते चोर नाहीत?"

"असतीलही. मला ठाऊक नाही. पण तुम्ही त्यांना पकडलेलं नाही." बाई थांबल्या. "काकूंना त्रास सुरू होऊन किती दिवस झाले?"

काटेसाहेबांनी खाली बघितलं. चपलेच्या फटीतून अंगठा दिसत होता. "उन्हाळ्यात सुरू झालं," ते म्हणाले. खिडकीबाहेर पावसाळा संपला म्हणून शिंप्याचा माणूस दुकानावरचं पावसाळी कापड उतरवत होता.

"उद्या त्यांना घेऊन या. जिना हळू चढवा. मध्ये खुर्ची ठेवायला सांगते."

दुसऱ्या दिवशी जिन्यात खुर्ची खरंच ठेवलेली होती. काटेसाहेबांना वाटलं, हिला कशाला लागतेय खुर्ची, ही कुठेही टिकून बसायची नाही. ती मात्र लगेच बसली. पदराने कपाळ टिपलं आणि डोळे मिटले. काटेसाहेब पुढच्या पायरीवर किल्ल्या मुठीत धरून उभे राहिले. बायकोला असं बसलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

वर बाईंनी पहिला प्रश्न विचारला आणि काटेसाहेबांनी तोंड उघडलं.

"त्यांना सांगू द्या," बाई म्हणाल्या.

तिने सांगितलं. दगड नव्हताच. आतून कुणीतरी ओलं कापड पिळल्यासारखं व्हायचं. आधी जिन्यावर व्हायचं, आता केस विंचरतानाही होत होतं. कालपासून दोनदा नुसतं बसल्या बसल्या झालं.

"हे घरात बोलला नाहीत?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. "यांना सांगायचं म्हणजे आधी पुरावा द्यावा लागतो," ती म्हणाली.

बाईंनी तिला तपासलं, तारा लावल्या, निघालेली पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. मग मोठ्या हॉस्पिटलातल्या गोळ्यांची पिशवी टेबलावर पालथी केली. "ही ताकदीची, नको. हिने पित्त होतं म्हणून ही पित्ताची, तीही नको. ही झोपेची कशाला दिली?" पाकिटं एकेक करून कचऱ्याच्या डब्यात पडत होती. काटेसाहेब खुर्चीत ताठ होत गेले. मी म्हणत नव्हतो का, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं. टेबलावर थोडीच पाकिटं उरली.

"ह्या मात्र चुकवायच्या नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि ती अँजिओग्राफी करायची. लगेच. इथून थेट हॉस्पिटलात गेलात तरी चालेल, पण उद्या सकाळच्या पलीकडे नाही. आज पुन्हा दुखलं, तर सकाळचीही वाट बघायची नाही."

"म्हणजे तो पहिला..."

"गोळ्या वाटेल त्या दिल्या त्याने. पण तपासणीचं बरोबर सांगितलं होतं. तुम्ही पॅकेज-बिकेज घेऊ नका. आत काय दिसतं ते मी त्यांच्याशी बोलून बघेन. गरज नसेल तर काही टाकू देणार नाही."

काटेसाहेबांच्या जिभेवर प्रश्न आलाच. तुमचं आणि त्या हॉस्पिटलचं काही आहे का? आयुष्यभर हा प्रश्न कुणाला ना कुणाला विचारून ते वाचले होते. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती ब्लाउजची बाही नीट करत होती, आणि तेवढ्यानेही तिचा श्वास वर चढला होता.

"आत्ताच जातो," ते म्हणाले. "घरून फक्त तिचे कपडे घेतो."

"मी पण येते वर," ती रिक्षातून उतरताना म्हणाली. "कुठलं पातळ कुठे आहे ते तुम्हाला सापडायचं नाही."

ते नको नको म्हणाले, पण तिने ऐकलं नाही. मग ते मागे राहिले आणि तिला पुढे घातलं. वळण आलं, तशी तिची चाल मंदावली. ती काही म्हणायच्या आत काटेसाहेबांनी कठडा धरला.

"थांब जरा. मला दम लागला."

तिने मागे वळून बघितलं. "खोटं बोलताय."

"हो," ते म्हणाले.

ती खिडकीला टेकून उभी राहिली. तिचा श्वास खाली बसेपर्यंत कुठे बघावं ते काटेसाहेबांना कळेना, म्हणून त्यांनी कुंडीकडे बघितलं. मग वाकून नीट बघितलं.

कुंडीत रोप नव्हतं. नुसती भेगाळलेली माती होती.