आठ बाटल्या

सिक्स्टन हालग्रेन अकरा वर्षं बेल्जियम-फ्रान्समध्ये सायकल शर्यती खेळला आणि अकरा वर्षं त्याने पाणक्याचं काम केलं. मागे पडून संघाच्या गाडीतून बाटल्या घ्यायच्या, जर्सीत कोंबायच्या आणि पुन्हा पुढे जाऊन संघातल्या राजेरजवाड्यांना पाजायच्या. एकही शर्यत तो जिंकला नाही.

पण वेनर्न सरोवराकाठच्या त्याच्या गावाला हे कुठे ठाऊक होतं? सायकल क्लबच्या भिंतीवर तीस वर्षं त्याचा फोटो होता. दोन्ही हात वर, जबडा वासलेला, मागे अंतिम रेषा. गावाचा एकुलता एक विजेता.

क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून फोटोखाली पितळी पाटी लावायचं ठरलं. चिटणीस अल्गोट वही घेऊन कॉफीला आला. सिक्स्टनच्या बायकोने, गुनवोरने, वेलदोड्याचे बन मांडले.

"शर्यतीचं नाव आणि तारीख सांग," अल्गोट म्हणाला. "खाली 'विजेता' कोरून घेतो."

सिक्स्टनने मोठा घास घेतला आणि तो बराच वेळ चावला. कागदावरची थाप पुसता येते, पितळेवरची नाही.

"सांग की," गुनवोर म्हणाली. "का तारीख विसरलास?" तिला सगळं माहीत होतं.

बशीत एकच बन उरला. त्या गावात शेवटचा तुकडा उचलणं म्हणजे निर्लज्जपणाच. अल्गोटने अर्धा कापून घेतला. गुनवोरने उरलेल्यातला अर्धा.

"मी पंधरावा आलो होतो," सिक्स्टन म्हणाला.

अल्गोटची पेन्सिल थांबली. "मग हात कशाला वर केलेस?"

"मी मागे बाटल्या घ्यायला गेलो, तेवढ्यात चौदा जण पुढे सटकले. मला कोणी सांगितलंच नाही. उरलेल्या घोळक्यात मी पहिला आलो. वाटलं, जिंकलो."

"ते चौदा कुठे होते?"

"टॉवेलने तोंडं पुसत होते."

गुनवोरला कॉफीचा ठसका लागला. अल्गोटने खिशातून त्या फोटोची प्रत काढून डोळ्यांजवळ धरला.

"म्हणजे पाठीवर ही टेंगळं बाटल्यांची? मला वाटायचं, त्या वर्षी तू अंगाने सुटला होतास."

"बाटल्या वाटायच्याच राहिल्या."

"एवढं ओझं घेऊन तू अख्ख्या घोळक्याला हरवलंस?"

 या बाजूने सिक्स्टनने कधी विचारच केला नव्हता.

अल्गोटने 'विजेता' खोडलं आणि फोटोतली टेंगळं मोजून मोठ्याने म्हणत लिहिलं, "पंधरावा. पाठीवर सहा बाटल्या."

"आठ," सिक्स्टन ताडकन म्हणाला. "दोन पोटाशी होत्या. नीट लिही. पाटी पितळेची आहे."

आणि बशीतला शेवटचा तुकडा, न कापता, त्याने तोंडात टाकला.