भिंतीखालची खुर्ची

चंद्रहास खुर्चीवर चढला, हात पोहोचेल तितक्या उंचीवर दगडांच्या खाचेत त्याने दोरीचे टोक अडकवले आणि ओळंबा खाली सोडला. पितळी वजन झुलत झुलत स्थिर झाले. वर दोरी दगडाला टेकलेली होती. खाली दोरी आणि भिंत यांच्यामध्ये त्याची चार बोटे सहज मावली.

"पॉल, इकडे ये. डोळ्यांनी बघ."

पॉल खुर्च्या मांडत होता. त्याने मान वर केली नाही.

"सहलीला आलायस की इन्स्पेक्शनला?"

टेक्निकल कॉलेजात एका बाकावर बसलेले हे तीन मित्र दर हिवाळ्यात एक दिवस वसईच्या किल्ल्यात घालवीत. गोखिवऱ्याहून चंद्रहास, मनवेलपाड्याहून जयराम आणि निर्मळहून पॉल. या वर्षीचा दिवस पॉलने ठरवला होता. किल्ल्यातल्या छप्पर नसलेल्या जुन्या चर्चमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गावकऱ्यांची तिथली वर्षातली एकच मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, व्हायची होती आणि बैठकीची व्यवस्था त्याच्याकडे होती. गायनवृंदाच्या खुर्च्या त्याने उत्तरेच्या उंच भिंतीखाली मांडल्या होत्या. त्यांच्यावर ताडपत्री होती. तिचा दोर भिंतीतल्या रिकाम्या खिडकीतून ओवून घट्ट ताणलेला होता.

"ताडपत्रीत खाडीचा वारा भरला की तो दोर ही भिंत पुढे ओढणार," चंद्रहास खाली उतरत म्हणाला. "आधीच कललीय. आतला चुना धुऊन गेलाय, सांध्यात उंबराची मुळं शिरलीयत. गायनवृंद पलीकडे घे."

"शेकडो पावसाळे काढलेत तिने."

"म्हणून पुढचाही काढील असं कुणी शिकवलं तुला?"

"पलीकडे आवाज फुटतो." पॉलने हातातली खुर्ची आपटली. "मार्गारेट इथंच उभी राहायची."

सुकवलेल्या केळ्यांच्या पुडीचे, सुकेळीचे, पान सोडवणारे जयरामचे हात थांबले. पॉलची बायको गेल्या पावसाळ्यात वारली होती. ती या भिंतीशी उभी राहून गाऊ लागली की आवाज दगडावरून असा भरून येई की मागच्या रांगांना वाटे, तिच्यामागे आणखी कुणी गाते आहे.

चंद्रहासने तिथेच थांबायला हवे होते. तो थांबला नाही.

"मार्गारेटच्या नावाखाली तू गावच्या पोरींना या भिंतीखाली बसवणार?"

"तिचं नाव घेऊ नकोस!" पॉलच्या मानेच्या शिरा ताठल्या. "मोठा इंजिनिअर! तुझ्या सोसायटीची गच्ची दर पावसाळ्यात गळते. आधी ती बघ."

"गळते. पडत नाही."

"अरे, भांडा, पण सुकेळी खाऊन भांडा," जयराम म्हणाला.

"तू गप्प बस!" दोघे एकदमच ओरडले.

चंद्रहासने ओळंबा काढला, दोरी गुंडाळून खिशात कोंबली आणि तो समुद्राकडच्या दरवाजाकडे चालू लागला. जयराम डबा घेऊन मागोमाग गेला. दरवाजाच्या पायरीवर बसूनही चंद्रहासचा संताप उतरेना. डबा त्याने उघडू दिला नाही.

"उद्या मी येणार नाही. पुढच्या हिवाळ्यातही नाही."

"आणि स्कूटर माझी आहे म्हणून आत्ता बसलायस," जयराम म्हणाला.

चर्चमधून खुर्च्या ओढल्याचे आवाज येऊ लागले. बराच वेळ येत राहिले. ते थांबले तेव्हा जयराम उठला. चंद्रहासही उठला.

चर्चमध्ये दोर सुटलेला होता. ताडपत्री कोपऱ्यात गोळा होऊन पडली होती. गायनवृंदाच्या सगळ्या खुर्च्या पलीकडे, वेदीच्या दुसऱ्या अंगाला गेल्या होत्या. पॉलचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. कललेल्या भिंतीखाली फक्त एक लोखंडी खुर्ची उरली होती.

"ही कुणाची?" चंद्रहासने विचारले.

"माझी. उद्या मी इथंच बसणार." पॉलचा आवाज अजून चढलेलाच होता. "माझ्या एकट्यासाठी तुझ्या ओळंब्याची परवानगी लागत नाही."

चंद्रहासने रुमालाने खुर्ची पुसली, रुमालाची नीट घडी घातली आणि तो खुर्चीवर बसला. पाठ भिंतीकडे, हात मांडीवर.

"ऊठ."

"का?"

"चंद्रहास, ऊठ तिथून."

"भिंत शेकडो पावसाळे टिकलीय म्हणालास ना?"

वाऱ्याची झुळूक आली. वरून चिमूटभर चुना सुटला आणि चंद्रहासच्या खांद्यावर पडला. त्याने तो झटकला नाही.

"गाढवा!" पॉल धावला. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली आणि चंद्रहाससकट ती फिरवून भिंतीपासून दूर ओढायला सुरुवात केली. लोखंडी पाय जुन्या फरशीवर करकरत होते. शिव्या देत, धापा टाकत तो वेदीला वळसा घालून पलीकडे पोहोचला.

खुर्ची गायनवृंदाच्या रांगेला लागली. तरी पॉलने तिची पाठ सोडली नाही.