परागच्या गाडीतला कॅम

परागने खोक्यातून इंजिनचे वॉल्व्ह उघडमीट करणारा नवा कॅमशाफ्ट काढून कॉलिनच्या टेबलावर असा आपटला की शेजारचा चहाचा ग्लास लवंडला.

"हाच लावायचा. दुसरं काही ऐकायचं नाहीये मला."

कॉलिनने आधी चहा पुसला. हाटकेशच्या गाळ्यांमधल्या त्याच्या गॅरेजात येऊन आवाज चढवायची हिंमत एकाच माणसात होती, आणि दुर्दैवाने तो त्याच्या बहिणीचा नवरा होता. उत्तनच्या घरी कुणालाही न विचारता जॉयसने या पराग नावाच्या प्राण्याशी रजिस्टर लग्न केलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. आईने दोघांना केव्हाच घरात घेतलं होतं. कॉलिनला मात्र ते लग्न काल झाल्यासारखं सलत होतं.

त्याने कॅम उचलून उजेडात फिरवला. सरळसरळ शर्यतीचा माल.

"टर्बोच्या गाडीला हा चालत नाही. रस्त्यावरच्या गाडीला तर नाहीच नाही."

"का?"

"दोन्हीकडचे वॉल्व्ह हा जास्त वेळ एकत्र उघडे ठेवतो. टर्बोपाशी अडकलेला धूर उलटा आत येतो. गाडी आयडलला, म्हणजे जागच्या जागी चालू, असली की इंजिनची हवेची ओढ कमी पडते, आणि तुझे ब्रेक त्याच ओढीवर चालतात. ट्रॅफिकमध्ये दोनदा पाय दाबलास की ब्रेकचं पॅडल दगड होणार, दाबलंच जाणार नाही."

"नेटवर सगळे लावतात."

"ट्रॅकवर लावतात. लावायचाच असेल तर निदान ब्रेकला वेगळा व्हॅक्यूम पंप बसवू."

"म्हणजे तू शहाणा आणि मी येडा, असंच ना? पंप नको. तुला जमत नसेल तर सांग, भाईंदर पश्चिमेला लावून देणारे आहेत."

त्याने किल्ली टेबलावर फेकली आणि मागे न बघता निघून गेला.

जा, फोड तोंड, असंच कॉलिनच्या मनात आलं. खोटं कशाला सांगायचं, त्या विचाराने त्याला बरंही वाटलं. मग तो गाडीकडे वळला. मागच्या सीटवर जॉयसची ओढणी पडली होती. दर रविवारी आईला भेटायला हीच गाडी घेऊन ती उत्तनला जायची. वाटेतला डोंगरीचा उतार, त्या उतारावरून रमतगमत चालणारी माणसं, मध्येच आडव्या येणाऱ्या रिक्षा, आणि जॉयसच्या पायाखाली दगड झालेलं पॅडल. हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

स्वतःच्या गाडीसाठी त्याने एक कॅम आणून ठेवला होता. टर्बोला मानवणारा, वॉल्व्ह वेळेवर मिटवणारा, ब्रेकची ओढ न मोडणारा. त्याने तोच लावला. राहिला प्रश्न आवाजाचा. परागला आयडलला अडखळत धडधडणारं इंजिन हवं होतं. कॉलिनने लॅपटॉप जोडला आणि इंजिनातल्या ठिणगीची वेळ मागेपुढे करून नुसता आवाजच तसा काढला. इंजिन आतून शहाणं होतं, वरून पिसाळल्याचं सोंग करत होतं.

गिऱ्हाइकाची वस्तू त्याला न सांगता बदलायची नाही, हा त्याच्या वडिलांचा, रॉबर्टचा नियम. गॅरेज त्यांनीच उभारलं होतं. तो नियम आज पहिल्यांदा मोडला आणि तोही कुणासाठी, या परागसाठी! कॉलिनचा दिवसभर जीव जळत राहिला.

गाडी न्यायला पराग आला तेव्हा गॅरेजात गिऱ्हाइकं होती. त्याने सिल्व्हर पार्कपर्यंत चक्कर मारली, परत आला, आणि सगळ्यांसमोर गाडी पुढे घेऊन खाड्कन थांबवली. पुन्हा पुढे, पुन्हा ब्रेक.

"कुठंय दगड?" खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला. "अरे, कुठंय दगड? दाखव की!"

लोक हसले. कॉलिन पुढच्या गाडीच्या बॉनेटखाली वाकला.

परागने त्याचा व्हिडिओ मीरा-भाईंदरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. 'आमच्या मेहुण्याच्या मते हे ब्रेक लागत नाहीत.' खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. नंतर जुनी गिऱ्हाइकंही चेष्टा करू लागली. भाऊ घाबरट झाला, भाऊचं वय झालं. एक-दोघं तर दुसऱ्या गॅरेजात जायला लागली. कॉलिन रोज मनातल्या मनात परागचा गळा धरायचा, आणि रविवारी जॉयस घरी नीट पोचल्याचा आईचा फोन आला की सोडायचा.

मग एका दुपारी पराग ऑइल बदलायला आला. त्याच्याबरोबर ग्रुपमधला अभिनव होता. अभिनवची टर्बो गाडी दारात उभी होती, मागे लहान मुलीची सीट लावलेली.

"कॉलिनभाऊ, एकच विचारायचं होतं," अभिनव म्हणाला. "परागच्या गाडीतला तोच कॅम मी मागवलाय. उद्या भाईंदर पश्चिमेला बसवतोय. ब्रेकचं टेन्शन नाही ना? व्हिडिओत तर मस्त लागत होते."

कॉलिनच्या हातातला पाना थांबला. खरं सांगितलं तर गिऱ्हाइकाचा पार्ट गुपचूप बदलणारा म्हणून त्याचं नाव संध्याकाळपर्यंत ग्रुपभर होणार. मग शटर खाली ओढायचं आणि वडिलांच्या फोटोकडे बघत बसायचं. त्याची नजर त्या छोट्या सीटवर गेली. त्याने पाना खाली ठेवला.

"अभिनव, ऐक..."

"लावू नकोस," पराग मध्येच म्हणाला. "माझ्या गाडीत तो कॅम नाहीये."

"आँ? आणि व्हिडिओ?"

"डिलीट करतो. ज्याच्याकडून मागवलास त्याला परत कर. जा तू, मी नंतर बोलतो."

अभिनव दोघांच्या तोंडाकडे बघत बघत गेला. पराग तिथेच उभा राहिला. कॉलिनला आभार वगैरे मानावेसे वाटले नाहीत. डोकं मात्र भडकलं.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. गाडी कमी वेगातच जोर धरत होती. शर्यतीचा कॅम खाली असा ओढत नाही, एवढं मलाही कळतं."

"आणि तरी गावभर माझी अब्रू काढलीस?"

"काढली. तू मला काय काय सांगितलंस त्या दिवशी? वॉल्व्ह, धूर, ओढ. एकदा म्हणाला असतास की ही गाडी जॉयस चालवते, तर तो कॅम मी तिथेच कचऱ्यात टाकला असता. पण माझ्यासमोर तिचं नाव घ्यायला तुझी जीभ वळत नाही. आणि माझ्या पाठीमागे माझ्या गाडीत तिची काळजी घेतोस. जसा काही मी तिचा कुणीच नाही."

परागने किल्ली या वेळी फेकली नाही, पुढे धरली.

"तो खोटा आवाज काढून टाक. तिला त्रास होतो त्याचा."

कॉलिनने किल्ली घेतली, लॅपटॉप आणला, बॉनेट उघडलं. पराग अजून तसाच उभा होता, जायचं नाव घेत नव्हता.

"जॉयसला सांग," कॉलिन गाडीकडेच बघत म्हणाला. शब्द बाहेर काढायला त्याला दात उचकटावे लागले. "रविवारपर्यंत आवाज गेलेला असेल."