आचाऱ्याला धरून एकोणीस

आमच्या बोटीवर एक खोली आहे, तिला सगळे किल्ला म्हणतात. पार तळाला, जाड पोलादी दाराची. आत पाणी, बिस्किटं आणि एक फोन. समुद्री चाचे बोटीवर चढलेच तर इंजिन बंद करायचं, सगळ्यांनी किल्ल्यात जाऊन दार लावून घ्यायचं आणि फोन करायचा. मग युद्धनौकेवरचे सैनिक सोडवायला येतात. पण त्यांची एक अट असते. एकूण एक माणूस आत पाहिजे. कारण एकदा ते बोटीवर उतरले की बाहेर दिसेल तो चाचा, मग तो कोणी का असेना.

ही अट बोटीवर सगळ्यांना तोंडपाठ. आणि तरी त्या शहाण्यांनी मला बाहेर ठेवून दार लावलं.

मी बोटीवरचा आचारी. चाचे आले तर काय करायचं याची आमच्याकडे दर आठवड्याला रंगीत तालीम व्हायची. भोंगा वाजला की सगळे किल्ल्याकडे पळायचे आणि दर वेळी कॅप्टन म्हणायचा, "आचाऱ्याला राहू दे रे, जेवणाला उशीर होतो." डोकी मोजायचा आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. मीच शब्द टाकून त्याला या बोटीवर चिकटवला होता. अठरा डोकी भरली की तो ओरडायचा, "आचाऱ्याला धरून एकोणीस!" की झाली तालीम.

बाकी बंदोबस्त विचारू नका. कठड्याला सगळीकडून काटेरी तार. शिडी लावायला कोणी आलंच तर बाजूने पाण्याचे फवारे. मागच्या टोकाला एक बुजगावणं, लांबून पहारेकरी वाटावं म्हणून. त्याच्या अंगात माझाच जुना सदरा. वाऱ्याने ते कलंडलं तर कॅप्टन स्वतः जाऊन सरळ करायचा. माझ्याकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलं नाही.

त्या दिवशी नाश्ता उरकून मी कांदा चिरत होतो. भाताचं आधण ठेवलं होतं. भोंगा वाजला. मी म्हटलं, वाजू दे. जिन्यावरून धडाधडा पावलं खाली गेली. म्हटलं, जाऊ देत. मी कांदा चिरत राहिलो. मग खिडकीची काच फुटली आणि समोरच्या पातेल्याला आरपार भोक पडलं, तेव्हा कळलं की ही तालीम नाही.

शेगडी बंद करून जीव घेऊन खाली पळालो. दार बंद. मुठींनी बडवलं, लाथा घातल्या, मेहुण्याच्या नावाने शंख केला. आतून हूं नाही की चूं नाही. त्या पोलादातून शब्द जात नाहीत, नुसते धक्के पोचतात. आत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. मेहुणा सगळ्यांना बजावत होता, "दाराला कोणी हात लावायचा नाही, चाचे आलेत!" आणि कॅप्टन फोनवर सांगत होता, "हो हो, सगळे आत. एकोणीसच्या एकोणीस."

चाचे आले ते त्यानंतर. चौघे होते, अनवाणी, फाटक्या शर्टांचे, हातात बंदुका. त्यांना कॅप्टन हवा होता, मिळाला आचारी. तेही वैतागले. पहार लावून दार उघडेना, तेव्हा मला वर नेऊन बुजगावण्याशेजारी बसवलं. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पण राग चाच्यांचा नव्हता. ते दार माझ्यासाठीही होतं, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

दुपारी हेलिकॉप्टर आलं. चाच्यांनी बंदुका टाकल्या. मी वेड्यासारखा उठलो आणि दोन्ही हात हलवत सैनिकांकडे पळालो. एकाने बंदूक माझ्या छातीवर रोखली.

"पालथा पड! हलशील तर मरशील!"

"अहो, मी इथला आचारी आहे!"

"इथले सगळे आत आहेत. तू कोण?"

पालथा पडलो. पाठीवर बूट आला आणि चाच्यांच्या रांगेत माझेही हात बांधले गेले. त्या सैनिकाचं बोट चापावर होतं. त्याने ते जरासं दाबलं असतं तर चूक त्याची नसतीच.

किल्ला उघडला, मंडळी वर आली. सैनिकांच्या साहेबाने विचारलं, "हा तुमचा माणूस?"

कॅप्टनचा चेहरा उतरला. "आचारी आहे आमचा."

"तुम्ही तर सगळे आत म्हणालात."

"नाही, म्हणजे... त्याला आम्ही मोजणीत धरूनच चालतो."

माझे हात सोडवले गेले. कॅप्टन माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "जाऊ दे, आज जेवणाला उशीर झाला तरी चालेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे सैनिक नसते तर मी त्याला उचलून त्याच्याच काटेरी तारेवर टाकला असता.

संध्याकाळी मेहुणा स्वयंपाकघरात आला. "भाऊजी, ताईला सांगू नका."

"काय सांगू नको? तू तिला विधवा करायला निघाला होतास ते?"

"सवयीने 'आचाऱ्याला धरून' तोंडातून गेलं हो."

"मी दार बडवत होतो."

"ऐकलं मी," तो खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, चाचे." आणि रडायला लागला. मी त्याला माफ केलं नाही. ताट वाढून दिलं आणि पाठ फिरवली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तालमीचा भोंगा वाजला. पाठोपाठ कॅप्टनचा आवाज, "आचाऱ्याला राहू दे!" मी अर्धा शिजलेला भात तसाच सोडला, खाली गेलो आणि किल्ल्याच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसलो. एक पाय आत, एक बाहेर. दार लागेना. आत सगळे अवघडून उभे.

"मोज," मी मेहुण्याला म्हटलं. "एकेकाला हात लावून मोज."

तो प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत आला. कॅप्टनच्याही. माझ्यापाशी आल्यावर त्याचा हात हवेतच राहिला. मी वाट पाहिली. शेवटी त्याने हात ठेवला आणि नुसतं "एकोणीस" म्हणाला.

मग मी पाय आत घेतला. त्या दिवशी भात कच्चा होता. कॅप्टनने मुकाट्याने खाल्ला.