पश्चिमेची खिडकी

आपल्याला माणसं ओळखता येतात, असं थोरली स्वतःच सांगायची. भाजीवाला जरा जास्त हसला की ती निवडलेली भाजी परत ठेवायची. नवरा लवकर घरी आला तर "का आलात?" आणि उशिरा आला तर "होतात कुठे?" पण हाताला तिच्या तोड नव्हती, हे मानायलाच हवं. कोटाला सिगारेटने भोक पडलेलं असो नाही तर शाल उंदराने कुरतडलेली असो, थोरलीने रफू केलं की मालकालासुद्धा जागा सापडायची नाही.

घराच्या पुढच्या खोलीत हे काम चालायचं. सुई थोरलीची, आणि धागा निवडायचा तिच्या धाकट्या जावेने. धाकटी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, सकाळची कामं उरकून यायची. धागा निवडणं ऐकायला सोपं वाटतं. कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढता आला तर प्रश्नच मिटला, पण जुनं कापड बाहेरून विटलेलं आणि आतून नवंकोरं असतं. मग डब्यातल्या रिळांतून नेमका तो विटका रंग हुडकावा लागतो. धाकटी कापड आणि रीळ घेऊन खिडकीपाशी जायची, मान वाकडी करून बघत बसायची आणि शेवटी एक रीळ पुढे करायची. ते चुकायचं नाही. हे तिला थोरलीनेच शिकवलेलं, त्यामुळे धाकटीचं कौतुक करताना थोरली आधी स्वतःचं करून घ्यायची.

अशातच थोरलीचा नवरा निवृत्त झाला. रिकाम्या माणसाला काहीतरी खूळ लागतंच, त्याला वीज वाचवायचं लागलं. कुणी खोलीतून बाहेर पडलं की हा मागून जाऊन बटण बंद करायचा. घरात सगळे त्याला 'ऊर्जामंत्री' म्हणायला लागले. पण खूळ असलं तरी बोलणं अगदीच खुळं नव्हतं. पुढच्या खोलीची खिडकी पश्चिमेची, दुपार कलली की नुसती भट्टी. एसीचा आकडा पार खाली आणून ठेवला तरी थोरलीच्या कपाळावरचा घाम लोकांच्या रेशमावर टपकायचा.

"उन्हाला आत बोलवायचं आणि मग त्याला हाकलायला एसी लावायचा," नवरा म्हणाला, "हा कुठला शहाणपणा? आधी दार लाव त्याला!"

त्याने खिडकीला पांढऱ्या अस्तराचा जाडजूड पडदा लावला. दाराखालच्या फटीत कापडाची गुंडाळी सारली. एसी सव्वीसवर ठेवला आणि वर पंखा हळू सोडला. जुनी ट्यूब काढली आणि रस्त्यावरच्या गाडीवरून आणलेले पांढरेफेक एलईडी दिवे बसवले. आणि खरं सांगायचं तर खोली झकास झाली. भर दुपारी मानेवर ओला टॉवेल न घेता थोरली सुई चालवू लागली. तिने फर्मान काढलं, की पडद्याला कुणी हात लावायचा नाही, सकाळी नाही नि संध्याकाळीही नाही.

धाकटीने पहिल्याच दिवशी हात लावला.

"काय गं, कुणाला बघतेस?" थोरलीने सुई थांबवली.

"रंग बघतेय, जाऊबाई. या दिव्यात नीट कळत नाही."

"एवढा लख्ख उजेड पडलाय आणि कळत नाही? डोळे तपासून घे. ओढ तो पडदा."

धाकटीने पडदा ओढला. नेमकं त्याच सुमारास समोरच्या रिकाम्या गाळ्यात एका शिंप्याने दुकान थाटलं. 'इथे रफूही करून मिळेल' अशी पाटी लावली. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. पडदा बाजूला करायचं हिला आत्ताच कसं सुचलं?

पुढे तक्रारी यायला लागल्या. एका गिऱ्हाइकाच्या करड्या जाकिटावर रफूची जागा हिरवट दिसत होती. दुसऱ्या बाई निळी शाल घेऊन आल्या, ठिगळासारख्या जागेवर बोट ठेवलं आणि शाल घेऊन समोर गेल्या. थोरलीच्या जिवाची तगमग झाली. इतक्या वर्षांत तिचं काम कुणी बोटाने दाखवलं नव्हतं. धागे निवडले कुणी? धाकटीने. आणि गिऱ्हाइकं गेली कुठे? समोर. सगळा हिशोब तिच्या डोक्यात फटकन जुळला. मुद्दाम चुकीचे धागे देते ही! आपलं नाव घालवणार आणि तिकडे जाऊन बसणार!

त्या दिवसापासून थोरली डोळ्यांत तेल घालून धाकटीवर पाळत ठेवू लागली. धाकटी पाणी प्यायला उठली तरी हिची नजर मागे. डब्यातली रिळं ती सकाळी लावून ठेवायची आणि संध्याकाळी पुन्हा बघायची. रीळ एखादं इकडचं तिकडे झालं तरी तिला त्यात कारस्थान दिसायचं. धाकटीही गप्प गप्प झाली, आणि गप्प माणसाचा तर संशय दुप्पट येतो.

मग संगीत शिक्षकांचा कोट आला. मरून रंगाचा, लोकरीचा, कार्यक्रमाला घालायचा ठेवणीतला कोट. छातीवरच कसर लागली होती. "कार्यक्रम जवळ आलाय, बाई," ते म्हणाले, "तुमच्यावरच भिस्त." थोरलीने कोट धाकटीकडे दिला आणि स्वयंपाकघरात गेली. परत येते तर खोलीत ना धाकटी, ना कोट. दाराबाहेर येऊन बघते तर काय, धाकटी रस्त्यापलीकडे थेट शिंप्याच्या दुकानासमोर उभी! हातात तो कोट, दुसऱ्या हातात रीळ, आणि शिंपी दारात उभा राहून बघतोय.

"अगं बाई, आता तर गिऱ्हाइकाचे कपडेसुद्धा पोचवायला लागलीस!" थोरली रस्त्यातच ओरडली.

"जाऊबाई, उन्हात रंग बघत होते. आपल्या बाजूला सावली आहे म्हणून..."

"रंग! सांग ना, त्याने किती रिळं दिली तुला? आमचं नाव बुडवायला काय ठरलंय तुमचं?"

शिंपी आत सटकला. धाकटीने कोट थोरलीच्या हातात दिला, त्यावर रीळ ठेवलं आणि चप्पल ओढत घरची वाट धरली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी थोरलीने पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर ती शिंप्याच्या दुकानात दाराशी बसून काम करत होती.

"बघा!" थोरली नवऱ्याला म्हणाली, "माझं कधी चुकतं का?"

धाकटीने दिलेलं रीळ तिने तिरस्काराने डब्यात टाकलं आणि स्वतः धागा निवडायला बसली. दिव्याखाली एकेक रीळ कोटावर ठेवून पाहिलं आणि इतकं बेमालूम जुळणारं काढलं, की तिचं तिलाच समाधान वाटलं. रफूही असं केलं की बोटांनासुद्धा कळू नये. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी शिक्षक आले, त्यांनी कोट घातला, आरशात पाहिलं आणि खूश होऊन बाहेर पडले. पायऱ्या उतरून उन्हात गेले आणि तसेच माघारी वळले.

"बाई, हे काय हो? संध्याकाळी मी लोकांसमोर असा बसू?"

थोरली बाहेर आली. मरून कोटाच्या छातीवर तपकिरी डाग होता, चहा सांडल्यासारखा. तिने कोट काढून घेतला आणि आत दिव्याखाली धरला. डाग नाही. बाहेर नेला, तर डाग. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. शिक्षक तोंड वासून बघत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तिची गत झाली होती. चोर शोधायला ती रस्ताभर फिरली आणि तो दिवा होऊन तिच्याच डोक्यावर लटकत होता. या वेळी धागा धाकटीने निवडलेला नव्हता. थोरलीला इतकी लाज वाटली, की तिथल्या तिथे बसावंसं वाटलं.

पण कोट संध्याकाळी लागणार होता. तिने रिळांचा डबा काखोटीला मारला आणि कोट घेऊन रस्ता ओलांडला. शिंप्याच्या दुकानात सकाळचं ऊन थेट दारापर्यंत आलं होतं. धाकटी हसेल, टोमणा मारेल, अशी थोरलीची खात्री होती. धाकटीने हातातलं काम खाली ठेवलं, कोट घेतला, मान वाकडी करून पाहिला. मग डब्यात हात घालून तळातून एक रीळ काढलं.

"हेच. त्या दिवशी उन्हात हेच काढलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले होते की. पहिल्या दिवशी बोलले, रस्त्यातही बोलले." धाकटीने रीळ कोटावर ठेवलं. "सकाळी तरी पडदा उघडायचा होता, जाऊबाई. पश्चिमेची खिडकी ती. दुपारपर्यंत ऊन येतच नाही तिच्यात. आणि कामाच्या टेबलावर रंग खरे दाखवणारा एक चांगला दिवा लावला असता, म्हणजे झालं असतं."

थोरलीने कोट आणि रीळ उचललं. "चुकलं माझं. चल घरी."

"इथे शब्द दिलाय मी," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "आणि इथे मी बाहेर बघितलं, तर कुणाला बघतेस म्हणून कुणी विचारत नाही."

थोरली एकटीच परतली. तिने पडदा उघडला, सगळं रफू उसवलं आणि पुन्हा केलं. शिक्षक कोट घालून उन्हात जाऊन आले, मानेने बरं म्हणाले आणि गेले. ती खिडकीपाशीच उभी राहिली. दुपार कलली, ऊन आत आलं, फरशी तापली, तरी ती हलली नाही. समोर दाराशी धाकटी खाली मान घालून सुई चालवत होती.

"अगं, पडदा!" नवरा आतून ओरडला. "सगळं ऊन आत घेतलंस! कुणाला बघतेस एवढं?"

"रंग बघतेय," थोरली म्हणाली. तिच्या हातात रीळ नव्हतं, कापडही नव्हतं.