चार बोटं वर

सकाळी नऊच्या सुमाराला सरलाबाई सुनेला धरून चुडामण नानांच्या ओट्यावर आली. रिना कमरेत वाकली होती.

"नाना, काल तुम्ही दाबं तं रातभर आराम व्हता. आज परत दुखी ऱ्हायनं. जरा दाबी द्या."

सारंगखेड्यात पोट दुखलं की लोक नानांकडे येत. दहा वर्षांपूर्वी एका शिबिरात ते हे शिकले होते. बेंबीच्या वर चार बोटं मोजायची आणि माणूस श्वास सोडेल तेव्हा तिथं तळव्याने हलकं दाबायचं. जेवून दोन तास झालेले हवेत. गॅस, जडपणा, अपचन, एवढ्यापुरतंच. गरोदर बाईला नाही. ताप, उलटी, काळी संडास किंवा कडक पोट असलं तर हातच लावायचा नाही, दवाखान्यात पाठवायचं. हे शेवटचं नाना कुणाला विचारत नसत. विचारलं तर आलेला माणूस परत पाठवावा लागला असता, आणि आलेली माणसं त्यांना आवडत. काल रिनालाही त्यांनी काही विचारलं नव्हतं.

आज ती परत आलेली, वाकलेली दिसली, म्हणून विचारलं. पहाटेपासून तीन उलट्या झाल्या होत्या. अंग तापलं होतं. दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली उतरलं होतं. नानांनी पोटावर नुसता हात ठेवला. पोट फळीसारखं लागलं. त्यांनी हात काढून घेतला.

"हाई मन्हं काम नही. दवाखानामा ली जा. आत्तेच."

सरलाबाई हसली. "डॉक्टर व्हई गयात का नाना? दाबा गुपचूप. दवाखानानं नाव नका लेवा. छबूवहिनी तठेच गई ना."

नाना खाली बघू लागले. आपली बायको छबू दवाखान्यामुळे गेली, असं ते स्वतः कधी बोलले नव्हते. तेराव्याला कुणीतरी म्हणालं, इंजेक्शनने घात केला. सगळ्यांनी माना हलवल्या. नाना गप्प बसले. त्या दिवशी गप्प बसणं सोपं होतं, पुढे वर्षभरही सोपंच गेलं. आता ते गप्प बसणं रिनाच्या जिवावर आलं होतं.

"सरला," ते म्हणाले, "दवाखानाना काही दोष नही. तिले महिनाभर काळी संडास व्हये. माले माहीत व्हतं. मी रोज दाबत ऱ्हायनू. दाबं का घटकाभर बरं वाटे तिले. डॉक्टरनी इचारं, कोणी पोट दाबं का, तं मी नही म्हणी दिधं. मन्हामुये उशीर व्हयना."

 सरलाबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"आख्खं वरीस आम्ही त्या डॉक्टरले शिव्या दिध्यात," ती म्हणाली. "आन तुम्ही आयकत बसनात?"

"हा."

तिने मुलाला, हेमकांतला, फोन लावला. तो गाडी घेऊन आला. रिनाला मागे झोपवलं. नाना दारातच उभे राहिले. गाडीत बसा, असं कुणी म्हणावं अशी आपली लायकी नाही, असं त्यांना वाटलं.

सरलाबाईने काच खाली केली. त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बसा पुढे. काल तुम्ही दाबं, ते तुम्हीच सांगा डॉक्टरले."

नाना चप्पल घालायला विसरले. तसेच जाऊन बसले.